खेळोजीरावांची ताजीम आणि अळणी मुलखाची दर्यास्वारी

श्री. जो पाण्यांत बुडवितो आणि पाण्यांतूनच वर काढितो त्या कर्त्यास आधीं दोन्ही हात जोडून, आणि ज्यांचें मीठ खाऊन ही लेखणी चालते त्यांस मग नमस्कार करून, हकीकत लिहितों ती ऐसी. शके सोळाशें सत्तावन्न, राक्षसनाम संवत्सर. नांव राक्षस, परंतु साल हंसत गेलें. त्या सालीं घाटावर एक दौलत नांदत होती. तिचें नांव लिहीत नाहीं, कारण एकीचें लिहिलें तर दुसरी रुसते, आणि रुसव्याफुगव्यांस या लेखणीस सवड नाहीं. दौलत भली, हुजूर तरुण आणि खुशमिजाज, पाऊसपाणी वेळच्या वेळीं. उणें म्हणावें तर एकच. दर्यांत एक बेट, बेटावर एक किल्ला, आणि किल्ल्यावर एक ठाणेदार ऐसा बसला होता, कीं कोणाची होडी सुखानें जाऊं देईना. त्यानें त्या सालीं मिठाचे पडाव, म्हणजे मालाचीं मोठीं गलबतें, अडविले, मीठ उतरवून आपल्या कोठारांत घातलें, आणि तीं हांकणाऱ्या तांडेलांस रिकाम्या हातीं परत लाविलें. मग काय विचारतां! सारा मुलूख अळणी झाला. आमटी अळणी, लोणचें अळणी, सासवांचें बोलणें तेवढें पूर्वीसारखें राहिलें. लोक एकमेकांच्या घरीं जेवायला जाईनात. आणि एके दिवशीं खुद्द हुजुरांनीं पिठल्याचा घांस घेतला, आणि घांस तोंडांत तसाच ठेवून आचाऱ्याकडे पाहिलें. "हें काय आहे?" आचारी म्हणाला, "सरकार, पिठलें." हुजूर म्हणाले, "पिठलें आम्हांस ओळखूं येतें. चव कोठें गेली?" आचारी हात जोडून म्हणाला, "सरकार, चव बेटावर अडकली आहे." तेव्हां हुजुरांनीं ताट सारलें, हात धुतले, आणि ओल्या हातानेंच हुकूम केला कीं दर्यांत फौज घालावी आणि बेट घ्यावें.

हुकूम झाला खरा, पण फौज सारी घोड्यावरची. घाटावरच्या माणसास पाणी ठाऊक तें विहिरीचें, आणि तेंही तांब्यांत आलें म्हणजे. दर्या पाहिलेला माणूस फौजेंत शोधूं गेले तर एक न्हावी निघाला, आणि त्यानेंही दुरून पाहिला होता. मग सरदार कोणास करावें? दरबारांत सगळे खालीं माना घालून आपापल्या अंगठ्या पाहूं लागले, आणि खेळोजीराव निंबोरे तेवढे मान वर करून छताचें नक्षीकाम पाहत होते, म्हणून हुजुरांची नजर त्यांजवर गेली. खेळोजीराव मोठे देखणे गृहस्थ. पन्नाशी गांठलेली, मिशा भरघोस, आणि पोट मिशांस शोभेल ऐसें. घोड्यावर बसले तर घोड्यासही अभिमान वाटावा. त्यांच्या घराण्यास ताजीम होती. ताजीम म्हणजे उभें राहून दिलेला मान. खेळोजीराव येवोत अथवा उठोत, भोंवतालीं जितकीं माणसें बसलीं असतील तितक्यांनीं उभें राहावें. पथकाचे लोक उठत, दरबारचे सरदार उठत, आणि खुद्द हुजूर गादीवरून चार बोटें वर होत. हा मान त्यांच्या आज्यांनीं मिळविला. आजे एका लढाईंत निशाण धरून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभे राहिले, बसा म्हटलें तरी बसले नाहींत. तेव्हांच्या हुजुरांनीं म्हटलें, "तुम्ही आमच्यासाठीं उभे राहिलांत, आतां तुमच्यासाठीं दौलत उभी राहील." पुढें मानाबरोबर मिळालेले गांव भाऊबंदकींत गेले, हत्ती म्हातारा होऊन मेला, राहिली ती ताजीम. खेळोजीराव तिला फार जपत. आणि जपण्यास आणखी एक कारण होतें, तेंही सांगून टाकतों. त्यांची लेक सर्जेराव मोहोळकरांच्या घरीं दिलेली. मुलीचा बाप म्हणजे वाकलेला. लग्नांत खेळोजीरावांनीं सर्जेरावांचे पाय धुतले, रुसवे काढले, जेवणांत वाढलेली जिलबी पातळ आहे हेंही ऐकून घेतलें. परंतु दरबारांत खेळोजीराव आले कीं याच वरबापास गुडघ्यावर हात टेकून उठावें लागे, आणि तें उठणें पाहून खेळोजीरावांस जें सुख होई तें जिलबींत नाहीं.

तर खेळोजीराव दर्यास्वारीचे सरदार झाले. तालीम दर्याकाठीं करावी तर बेटावरून दिसेल, म्हणून घाटावरच डोंगरांच्या मधोमध मोठा तलाव होता तो पसंत केला, आणि बाहेर बातमी ऐसी सोडिली कीं हुजुरांच्या आत्यासाहेबांस जलविहाराची हौस झाली आहे. एका म्हातारीस शेंकडों होड्या कशास लागतात, हें कोणी विचारलें नाहीं, कारण आत्यासाहेबांचा स्वभाव सर्वांस ठाऊक होता. सुतार बसले, होड्या झाल्या, आणि तलावाच्या पलीकडल्या काठावर बांबू, तट्टे आणि शेणमाती यांचा एक खोटा किल्ला उभा केला, त्यास बुरूज केले, दरवाजा केला, आणि खालीं वाळू आणून पसरली. खोट्या किल्ल्यास खरा शत्रू पाहिजे, म्हणून हुजुरांनीं सर्जेराव मोहोळकरांस त्याचा किल्लेदार नेमिलें आणि हंसत सांगितलें, "खेळोजीरावांच्यानें हा किल्ला आमच्यादेखत घेववला नाहीं, तर दर्यास्वारी तुमच्याकडे." सर्जेरावांनीं तलावाकाठच्या गांवांतलीं माणसें शिबंदी म्हणून घेतलीं, आणि गोळ्यांच्या जागीं कांदे, वांगीं आणि पिकून मऊ झालेले भोपळे यांचा सांठा केला. त्या शिबंदींत म्हाताऱ्या बायका फार कडव्या निघाल्या, त्यांचा नेम चुकत नसे.

आणि शिकवायला किनाऱ्यावरून हरबा तांडेल आणविला. हा मोठा बडबड्या आणि फुशारकीचा माणूस. आला तो पहिल्या दिवशींच म्हणाला, "घोड्यावर बसतां ना? मग होडी काय, बिनपायांचें घोडें!" आणि लोकांस वल्हीं देऊन सोडलें, तर होड्या जागच्या जागीं गरगर फिरूं लागल्या. मग पाण्याच्या हेलकाव्याची संवय व्हावी म्हणून वडाच्या झाडांस लांब फळ्या टांगून झोपाळे केले, आणि पथकेंच्या पथकें त्यांवर बसवून सकाळ-संध्याकाळ झोके दिले. मोठमोठे मिशाळ गडी, तलवारबहाद्दर, ज्यांचीं नांवें ऐकून लेंकरें रडायचीं थांबत, ते झोपाळ्यांवर डोळे मिटून, एकमेकांस धरून, "हळू रे, हळू!" ओरडत होते, आणि गांवचीं लेंकरें खालीं उभीं राहून टाळ्या पिटीत होतीं. आणि घोडीं तराफ्यावर चढवूं गेले तर घोडीं चढेनात, मग एका हुशार मोतद्दारानें आपण आधीं तराफ्यावर बसून हरभरे खाल्ले, तेव्हां घोडीं आपण होऊन आलीं, आणि मग उतरेनात. ऐसी मौज चालली. महिना लोटतां लोटतां वल्हीं एका तालांत पडूं लागलीं, झोपाळ्यांवर लोक पानसुपारी खाऊं लागले, आणि खेळोजीरावांनीं मिशांस पीळ देऊन हुकूम केला कीं उद्यां किल्ल्यावर चाल.

दुसरे दिवशीं निशाणें लावून होड्या निघाल्या. मधोमध खेळोजीरावांची होडी. सर्जेरावांच्या काठावरून वांगीं येऊं लागलीं, लोक ढालींवर झेलूं लागले, होड्या बाणासारख्या काठाशीं आल्या, शिंग फुंकलें, आणि आतां सरदारानें आधीं उडी घालावी म्हणून खेळोजीराव तलवार उपसून उठले. ते उठले आणि झालें! होडींतले सारे लोक वल्हीं टाकून, छातीशीं हात नेऊन, ताठ उभे. शेजारच्या होड्यांतूनही खेळोजीराव दिसत होते, तेव्हां त्या होड्यांतले लोकही उभे. बिनपायांच्या घोड्यास ताजीम काय ठाऊक? साऱ्या होड्या एकदम कुशीवर गेल्या आणि सारी फौज पाण्यांत. खेळोजीरावांचें तोंड पुढें, पाठ लोकांकडे, म्हणून मागें काय घडलें तें त्यांनीं पाहिलेंच नाहीं. वर येऊन पाहतात तों पागोटीं तरंगताहेत. गांवकऱ्यांनीं हात देऊन सर्वांस काठावर ओढलें, आणि सर्जेरावांनीं तबकांत कोरडी धोतरजोडी, वर नारळ, ऐसा आहेर पाठविला आणि निरोप सांगितला, "मुलीच्या बापानें ओलें राहूं नये, पडसें होतें." खेळोजीराव रागानें लाल झाले. हरबास बोलावून विचारलें, "होडी कां उलटली?" हरबानें तोंड उघडलें, तों मागून पथकाचा म्हातारा शिपाई येमाजी, ज्यानें खेळोजीरावांस लहानपणीं खांद्यावर खेळविलें होतें, त्यानें त्याच्या पाठींत असा चिमटा काढला, कीं हरबा म्हणाला, "सरदार, होड्यांचे नारळ फोडायचे राहिले." मग नारळ फोडले. पुन्हां चाल केली, पुन्हां उलटल्या, पुन्हां तबक आलें. हरबा म्हणाला वारा वाईट. वारा पडल्यावर चाल केली, तरी उलटल्या. मग तो म्हणाला होड्या हलक्या आहेत, तळांत धोंडे भरूं. धोंडे भरले, तेव्हां होड्या उलटल्या नाहींत, सरळ खालीं गेल्या. आणि हुजुरांची स्वारी पाहणीस येण्याचा दिवस तर जवळ येऊं लागला, आणि खेळोजीरावांच्या डेऱ्यांत धोतरांची रास होऊन गेली.

खेळोजीरावांच्या कुटुंब मैनाबाई या मुक्कामीं बरोबर होत्या. त्यांच्या डेऱ्यांतही एक झोपाळा टांगला होता. एके दिवशीं दुपारीं खेळोजीराव त्यावर एका टोंकास बसले, दुसऱ्या टोंकास मैनाबाई बसल्या, मध्यें लापशीचें ताट. खेळोजीराव दोन घांस खाऊन हात धुवायला उठले, त्यांबरोबर मैनाबाई उठल्या, आणि मोकळा झालेला पाट मागें जाऊन पुढें आला तो खेळोजीरावांच्या पोटऱ्यांवर, आणि लापशी जाजमावर. "हा पाटही व्याह्यांस सामील!" म्हणून खेळोजीराव ओरडले. मैनाबाई पदर तोंडास लावून हंसूं लागल्या. म्हणाल्या, "पाटाचें काय चुकलें? इकडून उठणें झालें, म्हणून मी उठलें. दोघें एकदम उठल्यावर तो बिचारा काय करील?" खेळोजीराव म्हणाले, "मग तुम्ही कशाला उठलांत?" "अगबाई! घराण्याची ताजीम नाहीं का? लग्न होऊन आलें त्या दिवसापासून उठतें आहे." खेळोजीराव पोटरी चोळायचे थांबले. मग अगदीं हळू विचारलें, "होडींत लोक उठतात?" "उठतात." "सारे?" "सारे. शेजारच्या होड्यांतलेसुद्धां." "तुम्हांस कोणी सांगितलें?" "सांगायला कशाला पाहिजे? पहिल्याच दिवशीं काठावरून पाहिलें. फौजेस ठाऊक, तांडेलास ठाऊक, ओलीं धोतरें पिळणाऱ्या परटिणीस ठाऊक. व्याह्यांस तर केव्हांचेंच." "अहो, मग कोणी बोललें कां नाहीं?" तेव्हां मैनाबाईंचें हंसूं मावळलें. म्हणाल्या, "निंबोऱ्यांच्या ताजिमीवर बोट कोण ठेवणार? लोक बुडायला तयार आहेत, बोलायला नाहींत."

तें ऐकून खेळोजीरावांस फार वाईट वाटलें. जेवण तसेंच राहिलें. म्हणाले, "आज्यांनीं उभें राहून मिळविली, ती नातवानें लोकांस बसवून घालवायची काय? तेवढी एक गेली म्हणजे मी कोण? सर्जेरावांचे पाय धुणारा मुलीचा बाप!" आणि डोळे भरून आले. मैनाबाई जवळ बसल्या, म्हणाल्या, "येथें काठावर गांवचीं माणसें आहेत, हात देऊन काढतात. दर्यांत कोण काढील? त्या येमाजीला पोहतां येत नाहीं. तरी रोज उठतो आणि रोज बुडतो." मग खेळोजीराव उठले, आणि मैनाबाई संवयीनें उठूं लागल्या तों त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बसा." आणि बाहेर गेले.

बाहेर जाऊन नगारा करविला, फौज जमविली, आणि उंच आवाजानें सांगितलें, "आजपासून माणूस पाण्यावर आहे तोंवर ताजीम माफ. मी उठेन, नाचेन, उडी मारीन, कोणी जागचें हलायचें नाहीं." लोकांनीं माना हलविल्या, आणि खेळोजीराव हुकूम सांगून ओट्यावरून उठले तेव्हां सारे उभे राहिले. हुकूम कानांत जातो, गुडघ्यांत जायला वेळ लागतो. मग त्यांनीं एक होडी काठावर ओढून कोरड्या जमिनीवर ठेविली, तींत लोक बसविले, आणि आपण पुढें बसून उठाबशा आरंभिल्या. उठले कीं लोक उठत. "बसा!" म्हणत, बसत. पुन्हां उठत, पुन्हां लोक उठत. येमाजी तर रडकुंडीस आला. म्हणाला, "धनी, तुमच्या वडिलांपुढें मी कधीं बसलों नाहीं. तुम्ही उभे आणि मी बसलेला, हें वरून त्यांनीं पाहिलें तर काय म्हणतील?" खेळोजीराव म्हणाले, "म्हणतील, येमाजी जिवंत राहिला, बरें झालें." तरी म्हाताऱ्याचे गुडघे ऐकेनात. शेवटीं खेळोजीरावांनींच युक्ति काढिली कीं प्रत्येकानें एका हातानें वल्हें धरावें आणि शिंग होतांच दुसऱ्या हातानें शेजाऱ्याची मांडी दाबून धरावी, म्हणजे एकास उठूं वाटलें तरी दुसरा उठूं देणार नाहीं. ही तोड लागू पडली. दिवसभर काठावर "बसा, दाबा! बसा, दाबा!" ऐसा गलका चाले, खेळोजीरावांच्या गुडघ्यांस सूज आली, मैनाबाई रोज एरंडाचीं पानें शेकून बांधीत, आणि एके दिवशीं खेळोजीराव होडींत उठून ताठ उभे राहिले, मागें वळून पाहिलें, तर सारे लोक खालीं बसलेले, एकमेकांच्या मांड्या आंवळून, घामाघूम. हरबा तांडेलानें पागोटें हवेंत उडविलें आणि म्हणाला, "सरदार, माझ्या पाठींत चिमट्याचे इतके वळ आहेत, आतां बोलूं का?" खेळोजीराव म्हणाले, "आतां बोलून काय उपयोग, वल्हव!"

मग हुजुरांची स्वारी पाहणीस आली. काठावर शामियाना, सगळा दरबार, आत्यासाहेबही आल्या, कारण जलविहार त्यांचा. हुजुरांनीं होड्यांची रांग पाहिली आणि त्यांस राहवेना. म्हणाले, "आम्हीही बसतों." कारभारी नको नको म्हणत होते तोंवर हुजूर खेळोजीरावांच्या होडींत येऊन बसलेसुद्धां. होड्या निघाल्या. तालांत वल्हीं, ढालींवर कांदे, एक भोपळा हुजुरांच्या शेल्यावर फुटला तेव्हां तर हुजूर लहान मुलासारखे हंसले. काठ जवळ आला, बुरुजावर सर्जेराव दिसले, आणि हुजुरांस ऐसी मौज वाटली कीं "व्वा! शाबास!" म्हणून ते ताडकन् उभे राहिले. आतां पाहा कैसा प्रसंग! माफी होती ती खेळोजीरावांच्या ताजिमीची. हुजूर उठल्यावर बसून राहण्याची माफी कोणी दिली नव्हती, देणार तरी कोण? येमाजी उठूं लागला, मागचे उठूं लागले, हातांखालच्या मांड्या वर येऊं लागल्या, होडी कलली, आणि हुजुरांचा तोल गेला. काठापासून अजून खोल पाणी होतें. खेळोजीरावांनीं विचार केला नाहीं. विचार केला असता तर हकीकत निराळी झाली असती. ते जागचे उठले नाहींत. एका हातानें येमाजीस खालीं दाबलें, दुसऱ्या हातानें खुद्द हुजुरांचा कमरबंद धरून त्यांस खालीं खेंचलें, आणि रणांत ओरडावें तैसें ओरडले, "बसा! महाराज, बसा म्हणतों ना!" हुजूर धप्पदिशीं बसले. होडी डुलली, सावरली, आणि शेजारच्या होड्यांसह वाळूवर जाऊन लागली. काठावर आत्यासाहेबांच्या हातांतला विडा गळाला. खेळोजीरावांनीं आधीं वाळूवर उडी टाकली, मागून फौज उतरली, आणि बांबूचा किल्ला असा घेतला कीं दरवाजा उचलूनच नेला, आणि म्हाताऱ्या बायका वांगीं टाकून शाबासकी द्यायला धांवल्या. सर्जेराव शरण येतां येतां शेणमातीच्या खंदकांत घसरले, तेव्हां खेळोजीरावांनीं सांचलेल्या राशींतून एक कोरडी धोतरजोडी काढून, वर नारळ ठेवून, त्यांस पाठविली. सर्जेरावांनीं ती निमूट नेसली.

मग खेळोजीराव हुजुरांपुढें गेले, तलवार पायांशीं ठेविली आणि मान खालीं घातली. हुजुरांनीं शेल्यावरचा भोपळा झटकीत म्हटलें, "जन्मल्यापासून आम्ही आलों कीं सारे उठतात, आम्हीं बसावें ऐसें कोणास वाटलेंच नव्हतें. तलवार घ्या. दर्यास्वारी तुमचीच." सारे आनंदले. परंतु दरबारांत म्हातारे मुत्सद्दी असतात, आणि ते आनंदांतही वहिवाट विसरत नाहींत. त्यांनीं म्हटलें कीं सरकार, हुजूर उभे असतां जो बसून राहिला त्याची ताजीम राहत नाहीं, ही जुनी रीत आहे, ती एकासाठीं मोडली तर उद्यां कोणीही बसेल. हुजुरांचा चेहरा उतरला. त्यांच्यानें हो म्हणवेना, नाहीं म्हणवेना. तेव्हां खेळोजीरावच म्हणाले, "सरकार, काढून घ्यावी. होडींत तिला जागा नाहीं." आणि हंसले, पण तें हंसणें मिशांच्या वर गेलें नाहीं. दुसरे दिवशीं दरबारांत आले तेव्हां कोणी उठलें नाहीं. सर्जेराव संवयीनें अर्धे उठले, इकडेतिकडे पाहिलें, आणि पुन्हां बसले. खेळोजीराव सरळ जाऊन आपल्या जागीं बसले.

पुढें पाऊसकाळ सरला, दर्या निवळला, तेव्हां होड्या गाड्यांवर घालून घाट उतरविल्या आणि एके दिवशीं पहांटे फौज दर्यांत घातली. सर्जेराव दुसऱ्या फळीचे सरदार म्हणून बरोबर निघाले. लोकांनीं दर्या पाहिला आणि वल्हीं घट्ट धरलीं. हें पाणी पलीकडच्या काठास लागतच नव्हतें. खेळोजीरावांस तर झोपाळ्यांवरचा सारा सराव विसरून तीनदां ओकारी झाली, तरी तोंड पुसून पुढें पाहत बसले. ठाणेदार बेफिकीर होता. घाटावरचे लोक दर्यांत येतात हें त्यास सांगितलें असतें तरी त्यानें हंसून दुसरी भाकरी मागितली असती. तटावरून तोफा वाजूं लागल्या तेव्हां होड्या काठाशीं पोंचल्या होत्या. शिंग फुंकलें, खेळोजीराव तलवार उपसून उठले, आणि मागें शेंकडों होड्यांत हजारों हातांनीं शेजाऱ्याची मांडी दाबली. एक होडी उलटली नाहीं. एक माणूस बुडाला नाहीं. येमाजीनें दर्यांतही पायाखालीं वाळू लागेपर्यंत मिशी कोरडी ठेविली. मग शिड्या लागल्या, दरवाजा फुटला, ठाणेदारानें किल्ल्या आणून दिल्या, आणि दिवस कलायच्या आंत बेट दौलतीचें झालें. कोठारें उघडलीं तों आंत पांढरेशुभ्र मिठाचे डोंगर. लोक त्यांस हात लावून हात चाटीत होते.

संध्याकाळीं किल्ल्याच्या चौकांत पिठलें शिजविलें, त्यांत मूठ मूठ मीठ घातलें, आणि सारी फौज दमून भागून पंगतीस बसली. खेळोजीराव पहारे बसवून सर्वांत मागून आले. कोणाच्या ध्यानांत येऊं नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनें आले. तरी एकानें पाहिलें. तो सर्जेराव मोहोळकर. त्यांनीं हातांतली भाकरी ताटांत ठेविली, गुडघ्यावर हात टेकला, आणि उभे राहिले. मग येमाजी उभा राहिला. मग हरबा तांडेल, ज्याच्या किनाऱ्यावर ताजिमीची रीतच नव्हती. मग पंगतींमागून पंगती, सारी फौज, खरकट्या हातांनीं उभी राहिली. खेळोजीराव गडबडून म्हणाले, "अरे बसा, बसा! ताजीम गेली ना माझी!" सर्जेराव म्हणाले, "व्याहीबुवा, हुकुमानें उठत होतों तेव्हां गुडघे फार दुखत. आज हुकूम नाहीं, आणि गुडघेही दुखत नाहींत. आणि येथें जमीन पक्की आहे, उलटायची नाहीं." खेळोजीराव तसेच खालीं बसले, पिठल्याचा एक घांस घेतला, आणि "मीठ जास्त पडलें आहे," ऐसें म्हणून पागोट्याच्या शेवानें डोळे पुसले. पिठल्यांत मीठ बरोबर होतें. ज्यांनीं खाल्लें त्यांनीं ऐसेंच सांगितलें.

एणेंप्रमाणें बेट आलें, मीठ आलें, मुलखाच्या तोंडास चव आली. ताजीम दरबारच्या दप्तरीं पुन्हां लागली नाहीं, आणि निंबोऱ्यांनीं पुन्हां मागितलीही नाहीं. परंतु त्या दौलतींत तेव्हांपासून रीत पडली ती अद्याप आहे, कीं होडींत कोणी कोणासाठीं उठत नाहीं, आणि होडींतून काठावर उतरलें कीं सर्वांनीं मिळून आपल्या सरदारासाठीं एकदां उभें राहायचें, मग जेवायला बसायचें. जें ऐकिलें तें लिहिलें, जेथें आठवलें नाहीं तेथें थोडें मीठ घातलें. वाचणाऱ्यांनीं बसून वाचावें, उठूं नये. लेखनसीमा.